तीन मिळवून

८ नोव्हेंबर, हॉटेल

ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून हा कागद. पाकीट मात्र तू फोडशील. लाइटबिलाचं पाकीटसुद्धा तू दारात उभ्या उभ्या फोडतेस, चपला काढण्याइतका धीर नसतो तुला. तर चपला काढ, बस आणि वाच. माफी मागायला लिहीत नाहीये. तसं वाटलं असेल तर इथेच थांब.

थांबली नाहीस ना? माहीत होतं.

ढब्या सुखरूप पोचला. त्याची मोठी बॅग वाटेत कुठेतरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी उगवली. तोवर तो विकेटकीपरची पॅन्ट घालून हिंडत होता आणि ती त्याच्या पोटरीपर्यंतच येत होती. इथे त्याला ढब्या कुणी म्हणत नाही. लहानपणी हा पोरगा उंबऱ्यावर बसला की दार लागत नसे, असं सांगितलं तर हे लोक मला वेड्यात काढतील. इथे त्याचं नाव शिडी. माझं नाव तोंडावर फिजिओ मॅडम आणि पाठ फिरली की बर्फवाली. मला त्याचं काही वाटत नाही, नाहीतरी दिवसभर बर्फच करते.

मी त्याची मावशी हे सगळ्यांना ठाऊक आहे. लपवण्यात अर्थ नव्हता, नाक एकच आहे आमचं. पहिल्याच दिवशी कोच म्हणाले, "घरचं माणूस आहे, जमेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, "टेबलावर पालथा पडला की सगळ्यांची पाठ सारखीच असते." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पण त्याची पाठ माझ्या हाताखाली आली तेव्हा मला ती न्हाऊ घातलेली पाठ आठवली. तू बादलीतून पाणी ओतायचीस आणि मी साबण लावायचे, आणि तो दोघींच्या मधून निसटून ओल्या अंगाने बाबांच्या मांडीवर जाऊन बसायचा.

दौरा लांबलचक आहे. दोन कसोटी, मग तीन वनडे, मग तीन टी-ट्वेन्टी. फास्ट बॉलरांपैकी तिन्हींत खेळणारा आपलाच एकटा. बाकीचे येतील, आपापलं खेळतील आणि घरी जातील. हा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आहे. म्हणजे माझं काम एकच: याला शेवटपर्यंत धड ठेवायचं.

तशी काळजी करू नकोस. आमची पद्धत साधी आहे. सामन्याच्या सकाळी बॉलर बाजूच्या पिचवर एकाच स्टंपवर बॉल टाकतात आणि एकेक करून माझ्याकडे येतात. मी विचारते, "किती?" म्हणजे दहापैकी किती दुखतंय. मग कॅप्टन टॉसला जायच्या आधी लांबूनच माझ्याकडे बघतो आणि मी प्रत्येकाचा अंगठा दाखवते, वर किंवा खाली. कागद नाही, सही नाही. माझा अंगठा खाली गेला तर कॅप्टनसुद्धा काही बोलत नाही.

आणि ते तीनाचं तर तुला माहीतच आहे. तुझ्याच जेवणाच्या टेबलावर मी सांगितलं होतं. बॉलर जो आकडा सांगेल त्यात तीन मिळवायचे आणि बॅट्समन सांगेल त्यातून दोन वजा करायचे. मिळवून सात झाले की त्या दिवशी घरी बस. बाबांना हसून हसून ठसका लागला होता. तू त्यांच्या पाठीवर थापट्या मारत मलाच ओरडत होतीस. ढब्या नुकता मोठ्या मुलांत खेळायला लागला होता, घास हातात तसाच धरून ऐकत होता.

काल सरावाच्या वेळी त्याला विचारलं, किती? "शून्य," म्हणाला. मी तीन मिळवले. तीन म्हणजे काहीच नाही, विमानात बसून आखडतं तेवढं. अखंड परत आणीन तुझा मुलगा. एवढंच सांगायला लिहिलं.

तुझी (अजून मानत असशील तर) बहीण

२५ नोव्हेंबर, हॉटेल

ताई,

भावजी म्हणाले की तू टीव्ही लावत नाहीस. सामना चालू असला की स्वयंपाकघरात जाऊन डबे घासतेस म्हणे. घास. पण काल संध्याकाळी शेजारीपाजारी दार वाजवत आले असतील तेव्हा तरी कळलंच असेल. तुझ्या मुलाने शेवटच्या डावात पाच जणांना घरी पाठवलं. पहिली कसोटी आपण हरलो होतो, दुसरी त्याने ओढून आणली. मैदानातून बाहेर येताना त्याने प्रेक्षकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं. सनस्क्रीन डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं सगळ्यांना.

बत्तीस ओव्हर टाकल्या त्याने त्या डावात. ऊन असं की बर्फाची पिशवी हातात धरेपर्यंत पाणी. दुसऱ्या टोकाचा बॉलर मांडी धरून बसला होता, म्हणून कॅप्टन सारखा याच्याकडेच बॉल फेकायचा. कॅप्टन वाईट माणूस नाही. बॉल देताना त्याच्या पाठीवर हात ठेवतो, "अजून एक, शिडी, फक्त एक," असं म्हणतो. आणि आपलं कार्टं नाही म्हणायला शिकलेलंच नाही.

सकाळी विचारलं की "तीन". रोज तीन. मी म्हणायची, "अरे, नीट आठवून सांग." "तीनच, मावशी. फास्ट बॉलरला तीन नसेल तर तो बॉल टाकत नाहीये असं समज." तीन आणि तीन सहा. सहा म्हणजे चालतं, कसोटीच्या पाचव्या दिवशी सहा कुणाचं नसतं! मी अंगठा वर करते.

एक बारीकशी गोष्ट आहे. काल त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो मोजे घालत होता. पलंगावर उताणा पडून, गुडघे छातीशी घेऊन. मी म्हटलं, हे काय, तान्ह्या बाळासारखं? हसला. "दमलोय गं." दमला असणारच.

आता दुसरी गोष्ट लिहिते. ती लिहायची नाही असं ठरवून बसले होते, पण जिंकल्यावर माणसाला धीर येतो.

तू मला म्हणालीस, "बाबा गेले तेव्हा तू कुणाच्या तरी गुडघ्याला बर्फ लावत होतीस." खरं आहे. लावत होते. तू चार माणसांत म्हणालीस आणि वर म्हणालीस की तुझा हात माझ्या मुलाच्या अंगाला लागता कामा नये. ठीक आहे. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी मी फोन केला होता आणि बाबांनीच उचलला होता. मी गमतीने विचारलं, "किती, बाबा?" ते म्हणाले, "दोन." आवाज बारीक होता, पण त्यांचा फोनवर बारीकच असायचा. बाबा काही बॉलर नव्हते, ताई. मी तीन मिळवले नाहीत. दोन म्हणजे दोन असं समजून मी गुडघ्याकडे वळले.

तू तिथेच होतीस. त्यांच्या उशाशी. तू त्यांचा "दोन" ऐकलास आणि तुला ठाऊक होतं की तो दोन नाही. मग तू फोन हिसकावून का नाही घेतलास? "खोटं बोलतायत, ये," एवढं का नाही बोललीस? दोन वर्षं मी हे विचारायचं म्हणते आणि तू फोन उचलत नाहीस.

पाकीट आत्ताच बंद करते, नाहीतर फाडून टाकीन.

४ डिसेंबर, बसमध्ये आणि मग हॉटेलात

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल तर ते बाजूला ठेव. भांडण नंतर करू, ते कुठे पळून जात नाही.

हे पत्र टपालाने पाठवत नाहीये. आमचा एक राखीव बॅट्समन दुखापतीमुळे घरी परततोय, त्याच्या हाती देते. तो तुझ्या दारात येऊन देईल. पाणी तरी विचार त्याला, माझा राग त्याच्यावर काढू नकोस.

दोन वनडे झाल्या. एक आपली, एक त्यांची. ढब्या दोन्ही खेळला. स्पीड मोजायच्या यंत्राप्रमाणे तो आधीपेक्षा वेगात टाकतोय आणि सगळे खूश आहेत. मी नाही. मोजे तो अजून तसेच घालतो. नाश्त्याला खुर्चीच्या टोकावर बसतो. बसमधून उतरताना आधी उजवा पाय टाकतो आणि मग दाराचा दांडा धरून डावा. यातलं एकेक वेगळं बघितलं तर काहीच नाही.

आज सकाळी मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं आणि म्हटलं, डाव्या पायावर उभा राहा आणि मागे वाक. साधी तपासणी आहे. बॉलर बॉल सोडताना शरीर एका बाजूला वाकवून पिळतो, रोज शेकडो वेळा. त्यात मणक्याच्या मागच्या बाजूचं एक बारीक हाड तडकतं. तरुण फास्ट बॉलरांचं हे ठरलेलं दुखणं. तडकलं असेल तर असं मागे वाकताच कळ येते. ढब्या वाकला. डोळे मिटले. मग हसत हसत सरळ झाला. मी विचारलं, "किती?"

"तीन."

"आत्ताचं विचारतेय."

"आत्ताचंच सांगतोय, मावशी. तीन."

लपवायचं त्याला पूर्वीपासून येतं. कुंपणावरून पडून हात मोडला होता तेव्हा कुणाला पत्ता लागू दिला नाही. तूच ओळखलंस, डाव्या हाताने भांग पाडताना बघून. मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि मी शिकलेली फिजिओ!

कोचकडे गेले. म्हटलं, स्कॅन करू या, इथल्या हॉस्पिटलात मशीन आहे. कोच म्हणाले, "मॅडम, फास्ट बॉलरच्या पाठीचा फोटो काढला की काहीतरी दिसणारच. माझ्याही पाठीत दिसेल. तो तक्रार करतोय का?" मी म्हटलं, नाही. "त्याचा आकडा किती?" मी म्हटलं, माझ्या हिशोबाने सहा. "तुमची रेषा कितीची?" सातची. "मग?" कॅप्टन तिथेच बसला होता, तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही अंगठा खाली केलात तर मी त्याला खेळवणार नाही. शब्द देतो. पण तुम्ही करा, मला करायला लावू नका."

बघ, म्हणजे सगळं माझ्याच हातात आहे. आणि माझ्या हातात फक्त त्याचा आकडा आहे. त्याला बसवला आणि आत काहीच नसलं तर? त्याच्या जागी दोघं टपून बसलेत. एकदा जागा गेली की परत कधी? मग तूच म्हणशील, तूच नेलंस आणि तूच बसवलंस.

म्हणून तुला सांगते. तू त्याला फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, त्याच्याशी बोल. आवाजावरून ओळखशील. तुझ्यापुढे त्याला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. तू नुसतं म्हण, थांब, तो थांबेल. आणि तू म्हणालीस की मला अंगठा खाली करायला सोपं जाईल. एवढं माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी कर.

१६ डिसेंबर, हॉटेल

ताई,

तुझा फोन आला होता. मी खोलीतच होते.

तो टेबलावर पालथा होता, मी त्याच्या कमरेवर बर्फ धरला होता. त्याने फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला. तुझा आवाज दोन वर्षांनी ऐकला. जरा बसल्यासारखा झालाय. सर्दी आहे का? गरम पाणी पीत जा.

तू विचारलंस, "पाठ दुखते म्हणे?" तो म्हणाला, "कोण म्हणतं? ठणठणीत आहे मी. मावशीला तर तू ओळखतेसच, शिंक आली तरी न्युमोनिया म्हणते." तू हसलीस. माझ्यावर हसायला तुला बरं वाटलं असेल. मग म्हणालीस, "तिला काय, सगळं डोक्यावर घ्यायची सवयच आहे. तू खेळ." आणि त्याला केस कापायला सांगितलंस.

माझ्या हाताखाली त्याची कंबर लाकडासारखी होती. तुझ्याशी हसत बोलत होता आणि कंबर सुटत नव्हती. मी बर्फ धरून उभी राहिले. तू माझ्याशी बोलत नाहीस, मग मी कशाला मध्ये बोलू?

असो. तू विचारलंस, त्याने सांगितलं, विषय संपला. आईला खात्री पटली तर मावशीने कशाला छाती पिटायची? माझं काम मी केलं.

तिसरी वनडे पावसाने धुतली. पहिल्या टी-ट्वेन्टीला मीच म्हटलं, याला विश्रांती द्या. दिली. हरलो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळे माझ्याशी फार गोड बोलत होते, मीठ दे, साखर दे. दुसऱ्या सामन्यात तो खेळला, तीन विकेट घेतल्या, जिंकलो. परवा शेवटचा. जो जिंकेल त्याचा चषक. सगळे म्हणतात, आता चारच ओव्हर टाकायच्यात, चोवीस बॉल. कसोटीत बत्तीस ओव्हर टाकणाऱ्याला चार म्हणजे काय? बत्तीसच्या पुढे चार किस झाड की पत्ती. मीही मान हलवते. पण मला दिसतं, बत्तीस ओव्हर टाकणारा जपून टाकतो. चार टाकायच्या असल्या की प्रत्येक बॉल जीव ओतून टाकतो.

किती? तीन. एक दिवस अडीच नाही, एक दिवस चार नाही. दुखणं असं रोज एकाच आकड्यावर बसत नाही, ताई, एवढं मला कळतं.

खरं सांगू? त्याने परवा चषक उचलावा असं मला फार वाटतंय. विमानतळावर गर्दी असेल, फुलं असतील, तू असशील, आणि मी त्याच्या मागून बॅग ओढत येईन. त्या आनंदात तू मलाही घरी चल म्हणशील. दोन वर्षं मी मनातल्या मनात तुझ्या दारात उभी आहे. पोरगा धड आणि मोठा होऊन आला की तू दार उघडशील, असा माझा हिशोब आहे. वाचून हसलीस तरी चालेल.

परवा सकाळी अंगठा वर करणार आहे.

२० डिसेंबर, विमानतळ

ताई,

तुझं विमान उतरायला वेळ आहे. मी येण्याच्या दारासमोर लोखंडी बाकावर बसलेय, आजूबाजूला लोक फुगे घेऊन उभे आहेत. हे पाकीट तुझ्या हातात देईन आणि गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसेन. तू मागे बसून वाच. तोंडाने मला सांगता येणार नाही.

त्या सकाळी तो बाजूच्या पिचवर सहा बॉल टाकून माझ्याकडे आला. घामाने भिजला होता, अजून ऊनही नव्हतं. मी विचारलं, किती? त्याने सांगितलं. कॅप्टनने लांबून बघितलं. माझा हात अर्धा वर गेला आणि अडला. कॅप्टन वाट बघत थांबला, त्याला घाई नव्हती. मग मी अंगठा वर केला.

तिसऱ्या ओव्हरपर्यंत तू टीव्हीवर बघितलंसच. डबे घासत नव्हतीस, भावजींनी सांगितलं मला. पहिल्यांदाच समोर येऊन बसली होतीस म्हणे. तो बॉल टाकून पडला नाही, तो बसला. दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा पिचवर बसला. आणि उठेना. मी पिशवी घेऊन धावले. आयुष्यभर अशी धावत आलेय, पण ते मैदान संपेचना. त्याच्यापाशी गुडघ्यावर बसले आणि तोंडातून नेहमीचाच शब्द गेला, "किती?"

तो सवयीने म्हणाला, "तीन."

मग माझा हात धरून म्हणाला, "मावशी, माझा पाय कुठाय?"

हॉस्पिटलात त्याने सांगितलं. इंजेक्शनमुळे जीभ जड झाली होती, पण शुद्धीत होता. म्हणाला, "रागावू नकोस. आजोबांसमोर तू सांगितलं होतंस ना, बॉलरच्या आकड्यात तीन मिळवायचे आणि सात झाले की बसवायचं? मी ते लक्षात ठेवलं होतं. कितीही दुखलं तरी तीनच सांगायचं. तीन आणि तीन सहा. सहाला तू सोडतेस." मी विचारलं, "खरं किती होतं?" म्हणाला, "दुसऱ्या कसोटीपासून आठ. वनडेत नऊ." आणि पुढे म्हणाला, "तुला फसवायचं नव्हतं, मावशी. तुझं गणित सोपं होतं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात ते टेबल आहे. बाबांचा ठसका, तुझ्या थापट्या आणि हातात घास धरून ऐकणारं ते पोर. मी हसवायला म्हणून सांगितलं होतं. त्याच्या हातात माझ्या दाराची किल्ली मीच दिली आणि मग रोज सकाळी त्याच दारावर पहारा करत बसले.

मागे एका पत्रात मी तुला विचारलं, फोन हिसकावून का नाही घेतलास? आता मला माहीत आहे का नाही घेतलास. बाबांनी तुझ्याकडे बघितलं असेल. नको म्हणून. ढब्यानेही माझ्याकडे बघितलं होतं, उशीवरून मान वळवून. मी हातात बर्फ धरून गप्प उभी राहिले. वर मनात म्हटलं, ही माझ्याशी बोलत नाही. तुला निदान रुसवा आड नव्हता. तो प्रश्न मी परत घेते. माझ्यावरचं तुझं वाक्य तू परत घेऊ नकोस, तो हात खरंच लावायला नको होता.

आता शेवटचं.

परवा तू मला फोन केलास. दोन वर्षांनी पहिल्यांदा. नाव नाही, हॅलो नाही, एकच शब्द: "किती?" तुलाही ते टेबल आठवत होतं. मी मोठा श्वास घेतला आणि म्हटलं, "चार." तू म्हणालीस, "म्हणजे सात," आणि फोन ठेवलास. त्या सातावर तू निघालीस. सात म्हणजे प्लास्टर, गादीवर पडणं, चार महिने तुझ्या हातचं जेवण आणि पुढच्या मोसमात पुन्हा मैदान. त्या हिशोबाने तू बॅग भरली असशील. त्याचे घरातले मऊ कपडे आणले असशील, केस कापायला लावायचं ठरवलं असशील.

हाड दोन्ही बाजूंनी तुटलंय, ताई. मणका पुढे सरकला आणि त्याने पायाची शीर दाबली. काल ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, चालेल. कसा चालेल हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे. डावं पाऊल उचललं जात नाहीये. आज सकाळी मी त्याच्या अंगठ्याला बोट लावून म्हटलं, ढकल. त्याने दात आवळून ढकललं. अंगठा जागचा हलला नाही. तो म्हणाला, "हलला ना?" मी म्हटलं, "हलला."

बॉल तो पुन्हा टाकणार नाही. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. कोच भेटून गेले, कॅप्टन दाराबाहेर भिंतीला डोकं टेकून उभा होता, चषक उशाशी आणून ठेवलाय. सगळे त्याला म्हणतात, लवकर बरा हो. तो मला म्हणतो, "आई आली की खरं सांगेन मी तिला, तू काळजी करू नकोस." आपण दोघी गेलो की तो तुझ्याकडे बघून हसेल आणि काहीतरी आकडा सांगेल. तू त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्यावरही ठेवू नकोस.

बाबा दोन म्हणाले. ढब्या तीन म्हणाला. मी तुला चार म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बाबा म्हणायचे, आणि आपण सगळ्यांनी ती झाकून झाकून हातच गमावला.

पाटीवर तुझं विमान उतरल्याचं आलंय. लोक उठून पुढे सरकताहेत, मी पण उठते. तू त्या दारातून येशील आणि मला बघशील, आणि मी तुला पाकीट देईन. तू गाडीत बसण्याची वाट बघणार नाहीस, तिथेच उभ्या उभ्या फोडशील, हे मला माहीत आहे. म्हणून आकडा शेवटी लिहितेय, तोपर्यंत मी तुझ्या जवळ आलेली असेन.

दहा, ताई. यात काही मिळवू नकोस.